युनिक्सच्या मालकीची नोंद कुठे आहे?

जून २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एससीओ या कंपनीने नॉव्हेल कंपनीला एक जुना कागद पाठवला. तारीख १६ ऑक्टोबर १९९६, मथळा ‘दुरुस्ती क्रमांक २’. नॉव्हेलने १९९५ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, धंदा विकला, त्या कराराची ही दुरुस्ती. युनिक्सचे कॉपीराइट आमचेच आहेत, एससीओकडे ते कधी गेलेच नाहीत, असं नॉव्हेलने त्याआधी जेमतेम आठवडाभर जाहीर केलं होतं. हा कागद हाती पडल्यावर तिला घाईघाईने दुसरं निवेदन काढावं लागलं. या दुरुस्तीमुळे एससीओच्या दाव्याला आधार मिळतो असं दिसतं, पण आमच्या माहितीप्रमाणे हा कागद आमच्या दफ्तरात नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता.

बँका, टेलिफोन एक्स्चेंज, विद्यापीठं आणि इंटरनेटचे सर्व्हर ज्या घराण्यातल्या सिस्टिमवर चालत आले, तिच्या मालकीसंबंधीचा कागद विकणाऱ्याच्याच दफ्तरात सापडत नव्हता. त्या कागदातल्या एका वाक्याचा अर्थ लावायला अमेरिकी न्यायालयांना पुढची आठ वर्षं लागली. तोवर हजारो संस्था आपण कोणाच्या परवानगीने काय वापरतोय या धास्तीखाली होत्या.

ही गोष्ट सहसा एका लोभी कंपनीची कथा म्हणून सांगितली जाते. लोभ होताच. पण तेवढ्यावर थांबलं तर खरा दोष नजरेआड होतो. माझं म्हणणं असं की, सार्वजनिक व्यवहार ज्याच्या आधाराने चालतो अशा सॉफ्टवेअरची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा त्याची जाहीर नोंद झालीच पाहिजे. ती नोटीस काढून, हरकती ऐकून झाली पाहिजे. आणि मालकाने ते सॉफ्टवेअर विकणं आणि सांभाळणं सोडून दिलं असेल, तर ते वापरण्याचा आणि दुरुस्त करण्याचा मार्ग लोकांना मोकळा झाला पाहिजे. युनिक्सचा इतिहास मी याच मागणीसाठी मांडतो आहे, कारण अशी नोंद नसल्याची किंमत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मुळात युनिक्स विकण्यासाठी बनलीच नव्हती. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिची सुरुवात केली. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या टेलिफोन धंद्यावर या कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती, आणि १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने तिला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचं दुकान मांडणं तिला शक्य नव्हतं. १९७४ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांचा लेख छापून आला आणि विद्यापीठांकडून मागण्या येऊ लागल्या. कंपनीने विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसकट (म्हणजे प्रोग्रॅमच्या वाचता येणाऱ्या मूळ ओळींसकट), टेप पाठवायला सुरुवात केली. आहे तशी घ्या, हमी नाही, मदत नाही, चुका दुरुस्त करून मिळणार नाहीत, अशी अट होती.

मदत मिळणार नाही म्हटल्यावर वापरणारे एकमेकांच्या मदतीला आले. कोणी चूक शोधून दुरुस्ती पाठवली, कोणी नवा एडिटर लिहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत बिल जॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासून आपल्या भरीच्या टेप वाटायला सुरुवात केली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा या कामात आला, आणि १९८३ च्या आवृत्तीत इंटरनेटचे नियम पाळणारा कोड जगभरच्या विद्यापीठांत पोचला. म्हणजे कागदावर मालक एटी अँड टी, पण घडवणारे हात शेकडो, आणि त्यातल्या बऱ्याच हातांचा पगार करदात्यांच्या पैशातून होत होता. कोणत्या ओळीवर कोणाचा हक्क, याची नोंद कोणीच ठेवली नाही. ठेवावी असं कोणाला वाटलंही नाही, कारण तेव्हा या कोडला बाजारात किंमतच नव्हती.

किंमत येऊ लागली तसे परवाने कडक होत गेले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीच्या सोर्स कोडवर ओळीओळीने टिपण लिहिलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते हे विद्यार्थ्यांना खऱ्या कोडवरून शिकता येईल असं ते बहुधा पहिलंच साहित्य. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स कोड वर्गात शिकवायला बंदी घातली. लायन्स यांचं टिपण झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन हातोहात फिरत राहिलं. ते रीतसर छापायला १९९६ उजाडलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची स्वतःचीच छोटी सिस्टिम लिहावी लागली, १९८७ मध्ये. काल जे उघडपणे शिकवता येत होतं ते आज गुपित ठरलं, आणि त्यासाठी परवान्यातला एक परिच्छेद बदलणं पुरलं.

१ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचं विभाजन झालं आणि जुनं बंधन सुटलं. सिस्टिम फाइव्ह या नावाने युनिक्स आता पूर्ण व्यापारी माल झाली. सोर्स कोडच्या परवान्याचे दर चढत गेले, तसं बर्कलेच्या मंडळींनी एटी अँड टीचा कोड एकेक करून काढून त्या जागी नवा लिहायला घेतला. १९९१ पर्यंत गाभ्यातल्या फक्त सहा फाइली बदलायच्या राहिल्या. त्या भरून काढून बीएसडीआय नावाच्या छोट्या कंपनीने ९९५ डॉलरला सिस्टिम विकायला काढली आणि जाहिरातीत सांगितलं की ही सिस्टिम फाइव्हच्या सोर्स कोडपेक्षा ९९ टक्के स्वस्त आहे. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीने खटला भरला, आणि पुढे त्यात विद्यापीठालाही ओढलं.

त्या खटल्यातून बाहेर काय आलं? मार्च १९९३ मध्ये न्यायाधीश डिकिन्सन डेबेव्हॉइस यांनी तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. त्यांचं निरीक्षण असं होतं की एटी अँड टीने जुन्या ३२ व्ही आवृत्तीच्या प्रती कॉपीराइटची सूचना न छापताच वाटल्या होत्या, त्यामुळे तिच्यावरचा आपला हक्क कंपनीला शाबित करता येईल असं दिसत नाही. उलट विद्यापीठाने प्रतिदावा केला की बर्कलेचा कोड सिस्टिम फाइव्हमध्ये घेताना एटी अँड टीने विद्यापीठाचं श्रेय काढून टाकलं. नॉव्हेलने १९९३ मध्ये ही उपकंपनी विकत घेतली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तडजोड झाली. बर्कलेच्या सुमारे १८,००० फाइलींपैकी ३ काढायच्या आणि ७० च्या आसपास फाइलींवर कॉपीराइटची सूचना घालायची, एवढ्यावर मिटलं.

१८,००० पैकी ३. तेवढ्यासाठी बर्कलेच्या सिस्टिमवर जवळजवळ दोन वर्षं संशयाचं सावट राहिलं. नेमक्या त्याच काळात लिनक्स या युनिक्ससारख्या, पण नव्याने लिहिलेल्या मुक्त सिस्टिमने मूळ धरलं. बर्कलेच्या कोडवरून पीसीसाठी बनवलेली ३८६ बीएसडी आधी मिळाली असती तर लिनक्स बहुधा लिहिलीच नसती, असं लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्स यानेच नंतर सांगितलं. त्या तडजोडीच्या अटीही गुप्त ठेवल्या गेल्या. एक पक्ष सार्वजनिक विद्यापीठ, काम सरकारी पैशातून झालेलं, आणि कोणत्या फाइलींवर कोणाचा हक्क मान्य झाला हे लोकांना कळायला २००४ साल उजाडलं, तेही कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करून. त्या अटी १९९४ मध्येच उघड असत्या तर नंतर जे घडलं त्यातलं बरंच टळलं असतं असं मला वाटतं.

आता तो १९९५ चा करार. नॉव्हेलला युनिक्सच्या धंद्यातून अंग काढून घ्यायचं होतं. घेणारी कंपनी कॅलिफोर्नियातली सांताक्रूझ ऑपरेशन; तिचाच युनिक्सचा धंदा पुढे एससीओकडे गेला. पीसीवर चालणारी युनिक्स विकण्यात तिचा हातखंडा होता, पण संपूर्ण धंदा रोखीने विकत घेण्याइतका पैसा तिच्याकडे नव्हता. म्हणून १९ सप्टेंबर १९९५ च्या करारात तिने आपले शेअर दिले, आणि जुन्या परवान्यांवर येणारी रॉयल्टी नॉव्हेलने स्वतःकडे ठेवली. सांताक्रूझने ती गोळा करायची, ९५ टक्के नॉव्हेलला द्यायची आणि ५ टक्के मेहनताना म्हणून ठेवायची.

कराराला दोन परिशिष्टं होती. पहिल्यात विकलेल्या मालमत्तेची यादी: युनिक्स आणि युनिक्सवेअर (नॉव्हेल विकत असलेली युनिक्सची आवृत्ती) यांमधले सर्व हक्क आणि मालकी. दुसऱ्यात वगळलेल्या मालमत्तेची यादी, आणि तिच्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं: सर्व कॉपीराइट, आणि युनिक्स व युनिक्सवेअर ही दोन नावं सोडून सर्व ट्रेडमार्क. एकाच करारात एका पानावर सर्व हक्क दिले आणि दुसऱ्या पानावर कॉपीराइट वगळले. वर्षभराने हे कोणाच्या तरी ध्यानात आलं असावं, म्हणून ‘दुरुस्ती क्रमांक २’ झाली. तिच्यात वगळण्याच्या कलमाला अपवाद जोडला: युनिक्सचं तंत्रज्ञान घेतल्यामुळे मिळालेले हक्क वापरण्यासाठी सांताक्रूझला जे कॉपीराइट लागतील, ते वगळलेल्यांत मोडत नाहीत.

आता कोणते कॉपीराइट लागतात? धंदा चालवायचा तर सगळेच लागतात, असं एससीओ म्हणाली. परवाना पुरेसा आहे, एकही लागत नाही, असं नॉव्हेल म्हणाली. या दुरुस्तीला कॉपीराइटची यादी जोडलेली नव्हती, आणि ते आता सांताक्रूझच्या मालकीचे झाले असं सरळ सांगणारं वाक्यही नव्हतं. ज्युरीपुढे नॉव्हेलचे त्या वेळचे प्रमुख रॉबर्ट फ्रँकेनबर्ग यांनी साक्ष दिली की कॉपीराइटसह सगळं विकायचा इरादा होता. त्याच व्यवहारात नॉव्हेलच्या बाजूने मसुदा करणाऱ्या वकिलाने सांगितलं की कॉपीराइट जाणूनबुजून वगळले होते. एकाच बाजूचे दोघे, एकाच टेबलावरचा करार, आणि दोन उलट जबाब. २००७ मध्ये न्यायाधीशांनी नॉव्हेलच्या बाजूने निकाल दिला, २००९ मध्ये अपील न्यायालयाने हे ज्युरीने ठरवायचं म्हणून परत पाठवलं, ३० मार्च २०१० ला ज्युरीने कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिल्याचं सांगितलं आणि २०११ मध्ये अपिलात ते कायम झालं.

दरम्यान ‘युनिक्स’ हे नाव तिसरीकडेच गेलं होतं. नॉव्हेलने ते एक्स/ओपन या मानकं ठरवणाऱ्या संस्थेला दिलं, आणि आज ते द ओपन ग्रुपकडे आहे. त्यामुळे अ‍ॅपलची मॅकओएस २००७ पासून प्रमाणपत्र घेऊन अधिकृत युनिक्स आहे. म्हणजे नाव एकाकडे, कॉपीराइट दुसऱ्याकडे, परवान्यांचा धंदा तिसऱ्याकडे आणि त्याची रॉयल्टी पुन्हा दुसऱ्याकडे. हे सगळं एका जागी लिहिलेलं कुठेही नव्हतं.

या धुक्यात एससीओने आपली मोहीम चालवली. २००१ मध्ये कॅल्डेरा या कंपनीने सांताक्रूझचा युनिक्सचा धंदा घेतला आणि पुढच्या वर्षी स्वतःचं नाव एससीओ ग्रुप केलं. मार्च २००३ मध्ये तिने आयबीएमवर किमान १ अब्ज डॉलरचा दावा लावला. म्हणणं असं की आयबीएमने युनिक्सची गुपितं लिनक्समध्ये घातली. मे महिन्यात सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली की लिनक्स वापरल्याबद्दल तुम्हीही जबाबदार ठरू शकता. ऑगस्टमध्ये दर जाहीर झाला: प्रत्येक प्रोसेसरमागे ६९९ डॉलर.

त्याच महिन्यात लास व्हेगासमधल्या मेळाव्यात एससीओने पुरावा म्हणून कोडच्या काही ओळी पडद्यावर दाखवल्या. काही ओळी वाचता येऊ नयेत म्हणून ग्रीक अक्षरांच्या फाँटमध्ये बदललेल्या होत्या. फाँट उलटा फिरवून त्या वाचायला लोकांना फारसा वेळ लागला नाही. एक तुकडा मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनचा निघाला. तो सत्तरच्या दशकातल्या युनिक्सपर्यंत मागे जात होता, आणि ती जुनी युनिक्स कॅल्डेरानेच २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशी, सोडली होती. दुसरा तुकडा नेटवर्कचे पॅकेट गाळणाऱ्या, बर्कलेकडून आलेल्या कोडशी संबंधित होता. आपल्या म्हणून दाखवलेल्या ओळी कुठून आल्या हे खुद्द दावेदाराला माहीत नव्हतं. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायाधीश डेल किमबॉल यांनी लिहिलं की इतकी जाहीर विधानं करूनही एससीओने सक्षम पुरावा पुढे आणला नाही हे थक्क करणारं आहे. २००७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आयबीएमशी तिचा वाद २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला, तोही दिवाळखोरीच्या विश्वस्तामार्फत. त्याच वर्षी, एससीओचा युनिक्सचा धंदा विकत घेतलेल्या झिनुओस या कंपनीने आयबीएम आणि लिनक्सचा धंदा करणाऱ्या रेड हॅटवर नवा दावा लावला.

या सगळ्यात मला सर्वात जास्त टोचते ती गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी आलीच नाही. २३ जानेवारी २००२ च्या एका पत्राने कॅल्डेराने युनिक्सच्या पहिल्या सात आवृत्त्या आणि ३२ व्ही सर्वांसाठी मोकळ्या केल्या. त्यामागे ऑस्ट्रेलियातल्या वॉरन टूमी यांनी जमवलेल्या हौशी मंडळींची कित्येक वर्षांची खटपट होती. संगणकाच्या इतिहासातला हा अमूल्य कोड वाचायला, चालवायला, शिकवायला अधिकृतपणे मिळाला. आणि २०१० मध्ये ज्युरीने सांगितलं की कॉपीराइट कॅल्डेराच्या आधीच्या कंपनीकडे आलेच नव्हते. मग ती परवानगी द्यायचा अधिकार कॅल्डेराला होता का? नॉव्हेलने त्यावर कधी बोट ठेवलं नाही, ही सुदैवाची बाब. पण जगभरची संग्रहालयं आणि अभ्यासक ज्या कोडवर काम करतात तो अशा पत्राच्या आधारावर आहे, ज्याच्या लेखकाच्या हक्काबद्दलच न्यायालयाने शंका उभी केली. नॉव्हेल २०११ मध्ये अ‍ॅटॅचमेटने घेतली, तीही २०१४ मध्ये मायक्रो फोकसने, आणि तिला २०२३ मध्ये कॅनडाच्या ओपनटेक्स्टने. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीच्या मालकीच्या कामाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो. त्या हिशेबाने १९८३ ची सिस्टिम फाइव्ह २०७८ अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीची राहील.

नोंदणी नव्हती असंही नाही. २००३ मध्ये एससीओने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात युनिक्सची नोंदणी केली आणि त्याच वर्षी नॉव्हेलनेही केली. कार्यालयाने दोन्ही अर्ज दाखल करून घेतले. समोरच्याला विचारणा नाही, सुनावणी नाही. अशा नोंदीने वाद मिटत नाही, उलट दोघांच्या हाती एकेक प्रमाणपत्र येतं.

आपल्याकडे शेतजमिनीचा एक गुंठा विकला गेला तरी खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हितसंबंधितांना हरकत घ्यायला मुदत मिळते, हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि मगच सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे, आणि तलाठी कार्यालयात काय काय चालतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या पद्धतीचा एक गुण मोठा आहे: वाद असेल तर तो व्यवहार ताजा असताना, साक्षीदार हयात असताना आणि कागद हाताशी असताना वर येतो. १९९५ मध्ये नॉव्हेल आणि सांताक्रूझला अशी नोटीस द्यावी लागली असती, तर आयबीएम, सन, एचपी यांच्यासारख्या परवानाधारकांनी पहिल्याच महिन्यात विचारलं असतं की कॉपीराइट कोणाकडे गेले ते एका ओळीत लिहा. ते उत्तर लिहायला दोन्ही कंपन्यांच्या वकिलांना एक दुपार पुरली असती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. बरोबर आहे, आणि ती घालूही नये. घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीचा हक्क तिने लिहिल्या क्षणी तिचाच असला पाहिजे, अर्ज न करता. मी बोलतो आहे ते हस्तांतराबद्दल. विकत घेतलेला हक्क तिसऱ्याविरुद्ध वापरायचा असेल, तर तो कोणाकडून, कधी आणि कोणत्या आवृत्त्यांपुरता घेतला याची जाहीर नोंद दाखवा, एवढीच मागणी आहे. अमेरिकेच्या कायद्यात नोंदवलेल्या हस्तांतराला आजही काही बाबतींत अग्रक्रम मिळतो. फक्त नोंद ऐच्छिक ठेवली आहे, आणि ऐच्छिक असल्यामुळे ज्याला अंधाराचा फायदा आहे तो ती करत नाही.

दुसरा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांचा. ते म्हणतात, आता सगळं मुक्त परवान्याखाली आहे, जुनी भांडणं कशाला उकरता? मुक्त परवान्यांचा मी मनापासून समर्थक आहे. सन कंपनीने २००५ मध्ये सोलारिस या आपल्या युनिक्सचा बराचसा कोड खुला केला, ओरॅकलने २०१० मध्ये सन घेतल्यावर पुढचं काम पुन्हा बंद दाराआड नेलं, पण आधी खुला झालेला कोड परत घेता आला नाही आणि इलुमॉस या मुक्त प्रकल्पाच्या रूपाने तो जगला. ही मुक्त परवान्याची ताकद. परंतु परवाना मुक्त असो वा बंद, देणारा खरा मालक आहे का हा प्रश्न आधी येतोच. २००२ चं पत्र हा त्याचा दाखला.

लिनक्सच्या लोकांनी हा धडा घेतला. २००४ मध्ये, एससीओचा धुरळा ऐन भरात असताना, त्यांनी नियम केला की गाभ्यात जाणाऱ्या प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाची ओळ लिहायची: हा कोड मी लिहिला आहे किंवा तो पाठवायचा हक्क मला आहे. तो बदल ज्यांच्या हातून पुढे जातो तेही आपलं नाव जोडतात. त्यानंतर लिनक्समध्ये आलेल्या कुठल्याही ओळीशी जा, ती कोणी, कधी, कोणाच्या हातून आणली हे आज काही मिनिटांत काढता येतं. त्यासाठी कायदा लागला नाही, वकिलांची फौज लागली नाही. स्वयंसेवकांना जे जमलं ते अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांना जाचक होईल, हे म्हणणं मला पटत नाही.

भारतात हा प्रश्न परका नाही. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांचं संगणकीकरण सुरू झालं, आणि नव्वदच्या दशकात सरकारी बँकांच्या कित्येक शाखांत काउंटरपलीकडे जे टर्मिनल दिसत, त्यांच्यामागे युनिक्स, बऱ्याच ठिकाणी सांताक्रूझचीच, चालत असे. तिची मालकी अमेरिकेत कोणाकडून कोणाकडे जाते आहे हे तपासायची सोय त्या बँकांना नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम आले. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असलं पाहिजे, असं कलम १९ सांगतं. त्याच कलमात असंही आहे की हक्क घेणाऱ्याने तो वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हस्तांतर रद्द झालं असं मानलं जाईल. म्हणजे घेऊन नुसता दाबून ठेवलेला हक्क टिकू नये हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. मालक सापडतच नसेल तर प्रकाशनासाठी परवाना मागायची सोय कलम ३१ अ मध्ये आहे. मग विक्री आणि देखभाल सोडलेल्या सॉफ्टवेअरसाठी, मालकाला वाजवी मोबदला ठेवून, तशीच वाट काढायला हरकत काय असावी?

मराठी माणसाने तर हे जवळून भोगलं आहे. युनिकोड ही सगळ्या लिपींसाठीची सामायिक सांकेतिक रचना रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फाँटची सांकेतिक रचना वेगळी आणि खाजगी होती. त्या काळात टंकलेली पुस्तकं, दिवाळी अंक, सरकारी परिपत्रकं आजच्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड दिसते. मजकूर आपला, भाषा आपली, पण वाचायची किल्ली एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या कपाटात. किती तरी जणांनी चिकाटीने परिवर्तक लिहिले म्हणून त्यातलं बरंच वाचलं.

कायदा बदलायला वेळ लागेल, तो दिल्लीचा विषय आहे. पण राज्य सरकार, महापालिका आणि सहकारी बँका स्वतः मोठ्या ग्राहक आहेत, आणि ग्राहकाला अट घालता येते. केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. ते सरकारी खरेदीपुरतं चांगलं पाऊल होतं, पण मालकीच्या साखळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. मंत्रालयातून निघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निविदेत तीन कागद सक्तीचे करावेत. पहिला, मूळ लेखकापासून विक्रेत्यापर्यंत हक्क कसे आले याची सहीनिशी, आवृत्तीनिहाय साखळी, जी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येईल. दुसरा, सोर्स कोडची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेवल्याची पावती, दरवर्षी नव्याने. तिसरा, विक्रेत्याने देखभाल थांबवली किंवा कंपनी दुसऱ्याने घेतली आणि त्याने ठरलेल्या मुदतीत हक्कांची नोंद केली नाही, तर ती प्रत खात्याला उघडता, सुधारता आणि दुसऱ्या कंत्राटदाराला देता येईल असं संमतिपत्र. या तिन्हींसाठी विधिमंडळात जावं लागत नाही. निविदेच्या मसुद्यात दोन पानं वाढतील, आणि ज्या विक्रेत्याला पहिला कागद देता येत नाही त्याच्याकडून आपण नेमकं काय विकत घेतो आहोत, हे अधिकाऱ्याने सही करण्याआधी विचारलेलं बरं.